भोंग्याच्या वेळेचा पारा

माझा प्रबंध कशावर होता हे लग्नाच्या पंगतीत शेजारच्याला कळलं की तो हमखास विचारतो, "मॅडम, गरमी खरंच वाढली का हो? आमच्या लहानपणी तर इंदौरात पंखे पण नव्हते लागत." मी श्रीखंडाकडे बघत "वाढली" म्हणते. एवढ्यावर कुणाचं समाधान होत नाही. मग मालव्याच्या रात्री किती गार असायच्या, मे महिन्यात गच्चीवर गोधडी कशी लागायची, हे सगळं ऐकून घ्यावं लागतं. मला या प्रश्नाचा आता मनापासून कंटाळा आला आहे. उत्तर एका शब्दाचं आहे. पण तो शब्द छातीठोकपणे म्हणता यावा म्हणून माझी हातातली नोकरी गेली, आणि नवऱ्याबद्दलची एक गोष्ट मला फार उशिरा कळली. पंगतीत हे कसं सांगणार?

मी एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत असे. शिकवत असे म्हणजे अ‍ॅडहॉक, दर जूनला नव्यानं अर्ज, दर एप्रिलला नारळ. तेव्हा हे चालून जात होतं, कारण नवरा कापड मिलमध्ये टाइम ऑफिसात बाबू होता. कोण कितीला आला, कोण कितीला गेला, याची हजेरी ठेवणारं ते ऑफिस. तिथला कडक नियम असा की कागदावर खाडाखोड केली तर बाजूला छोटी सही करायची. ही सवय त्याला इतकी लागली होती की वाण्याच्या यादीत साखरेचं वजन बदललं तरी तो बाजूला सही करायचा. मी हसायचे. परदेशीपुऱ्याच्या बाजूला मिलचं क्वार्टर होतं आणि आमचा दिवस मिलच्या भोंग्यावर चालायचा. दूधवाला भोंग्याच्या आधी, डबा भोंग्याला, केरवारा भोंग्यानंतर.

मग मिल बंद पडली. एकट्या आमचीच नाही, एकेक करत सगळ्याच निघाल्या होत्या. टीव्हीवर नव्या मोटारींच्या आणि थंड पेयांच्या जाहिराती वाढत होत्या, चौकाचौकात एसटीडीचे पिवळे बूथ उघडत होते, देश मोकळा झाला म्हणे, आणि आमच्या गल्लीतले लोकही कामातून मोकळे झाले. कुणी ऑटो घेतली, कुणी पोह्यांचा ठेला लावला, कुणी सांवेर रोडच्या प्लास्टिकच्या कारखान्यात अर्ध्या पगारावर उभं राहिलं. माझा नवरा थांबला. "दिवाळीनंतर चालू होईल," म्हणाला. दिवाळी झाली, मग होळीनंतर. क्वार्टर सोडून आम्ही शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, अन्नपूर्णेच्या देवळाच्या बाजूला दोन खोल्यांत आलो. तिथूनही तो रोज पहाटे सायकल काढायचा. "गेटवर जाऊन येतो." मला वाटायचं, चार रिकामे लोक गेटसमोर चहा पीत बसत असतील. पुढच्या पावसाळ्याच्या शेवटी त्यानं जाणंही बंद केलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागला. दुसरी नोकरी बघा म्हटलं की एकच उत्तर, "मिल चालू झाली तर? माझी जागा आहे तिथं."

म्हणजे घर माझ्यावर आलं. असं पाच-सहा वर्षं रेटलं आणि त्याच सुमाराला कॉलेजात कायम जागा निघाली. अट साधी होती. सत्र संपायच्या आत पीएच.डी.चा प्रबंध सादर केलेला हवा. माझा प्रबंध अर्ध्यावर होता. तो वेळेत गेला तर जागा माझी, नाही तर पुन्हा नारळ. मला विद्येची काही फार ओढ होती असं नाही. मला दर महिन्याला येणारा पगार हवा होता.

विषय माझ्या मार्गदर्शकांनी दिला होता. ते संस्थानी नोकरीतल्या घराण्यातले, मराठी स्वच्छ, इंग्रजी त्याहून स्वच्छ. जगाचं तापमान वाढतंय असं म्हणतात ते कुठल्या एका थर्मामीटरवर बघून नव्हे, हे त्यांनी मला पहिल्या दिवशी समजावलं. जगभर हजारो आवारांत झडपांच्या पांढऱ्या पेट्या खांबांवर उभ्या असतात, आत पारा असतो, कुणीतरी रोज ठरल्या वेळी तो वाचतो. असे वर्षानुवर्षांचे आकडे एकत्र केले की त्यांतून एक रेघ निघते आणि ती हळूहळू चढते. इंदौरची अशी एक जुनी नोंद घ्यायची आणि ती रेघ जगाच्या रेघेशी ताडून बघायची, एवढंच माझं काम.

अशी पेटी संस्थानच्या काळापासून एका शाळेच्या आवारात होती, आमच्या मिलच्याच जवळ. ती सांभाळायचे भूगोलाचे एक सर. निवृत्त होऊनही ते शाळेच्याच मागच्या खोलीत राहायचे आणि रोज सकाळी सातचा पारा वाचायचे. आजारपण असो, घरात सुतक असो, त्यांनी एक दिवस चुकवला नव्हता, आणि हे ते भेटणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे. मी त्यांच्या वह्यांतले आकडे आधी कागदावर उतरवले, मग पाटणीपुऱ्यात नव्यानं निघालेल्या एका कॉम्प्युटर क्लासात दुपारी मशीन रिकामं असे तेव्हा भरले. पंखा माणसांसाठी नव्हता, मशीनसाठी होता. डोळे दुखायचे, पाठ दुखायची, आणि घरी गेल्यावर पोळ्या लाटायच्याच असत.

रेघ निघाली. नुसती निघाली नाही, तर मार्गदर्शक खुर्चीतून उठून उभे राहिले अशी निघाली. जगाची रेघ म्हाताऱ्या माणसासारखी दमानं चढत होती. आमची बरीच वर्षं तिच्यासारखीच चालली आणि मग एका जागी एकदम पायरी चढून वर गेली. पायरीच्या आधीचे आकडे जगाच्या रेघेला धरून, नंतरचे सगळे तिच्या वर. सरकारी वेधशाळेच्या आकड्यांशी ताडून पाहिलं तर त्यांच्यात ही पायरी नव्हती. म्हणजे जे काही झालं होतं ते शाळेच्या आसपासच झालं होतं.

"हे बघा," मार्गदर्शक म्हणाले, "नव्या गाड्या, सिमेंटचे रस्ते, कापलेली झाडं. उदारीकरणानं शहर तापलं, आणि तुमच्याकडे त्याचा आकडा आहे. मॅडम, हा तुमचा प्रबंध." पुढच्या परिषदेत यावर बोलतो असंही त्यांनी आपल्या ओळखीच्या दोघा प्राध्यापकांना कळवून टाकलं.

मी खूश व्हायला हवं होतं. झालेही थोडी. पण पायरी मला पटत नव्हती. झाडं अशी एका महिन्यात कापून होत नाहीत आणि शहर रात्रीतून तापत नाही. म्हणून एका सकाळी मी सरांना भेटायला गेले. पेटी हलवली होती का, जवळ भिंत बांधली का, थर्मामीटर बदललं का, असं एकेक विचारलं. सर चांगलेच दुखावले.

"काही बदललेलं नाही," ते म्हणाले. "पेटी तीच, पारा तोच, मी पण तोच."

तेवढ्यात शाळेच्या प्रार्थनेची घंटा झाली. सर चष्मा शोधत उठले. "चला, घंटा झाली. वाचन घेऊन येतो."

मी पण उठले. "सर, वाचन घंटेवर घेता?"

"मग कशावर? आधी भोंग्यावर घेत होतो. भोंगा बंद झाला, तेव्हापासून घंटेवर घेऊन राहिलो. सुट्टीलाही शिपाई माझ्यासाठी वेळेवर देतो."

सरांनी जन्मात मनगटाला घड्याळ बांधलं नव्हतं. घड्याळ पुढंमागं होतं, भोंगा होत नाही, असं आमच्या त्या भागातल्या कुणीही सांगितलं असतं. आमच्याकडे वेळ बघायची नसायची, ऐकायची असायची. भोंगा सातचा होता. प्रार्थनेची घंटा साडेसातची. वहीच्या रकान्यात 'सकाळी सात' हे छापलेलंच होतं, त्यामुळे सरांनी वेगळं काही लिहायचा प्रश्न आला नाही. आणि आमच्याकडे सात ते साडेसात हा सगळा ऊन चढायचा वेळ. त्या अर्ध्या तासात पारा भराभर वर जातो.

"सर, घंटा साडेसातला होते," मी जमेल तितक्या हळू आवाजात म्हटलं.

ते पेटीचं दार धरून उभे राहिले. मग म्हणाले, "सूर्य तर तोच आहे ना?" आणि आत डोकं घालून पारा वाचला.

परत येताना टेम्पोत मी एकच हिशेब करत होते. पायरी म्हणजे शहराचं तापणं नाही, वाचनाची बदललेली वेळ आहे. ती दुरुस्त करायची तर दोन्ही वेळांचे पारे वर्षभर, सगळ्या ऋतूंत, शेजारी शेजारी वाचावे लागणार. म्हणजे सत्र गेलं आणि जागाही गेली. मी त्या भूगोलाच्या सरांना मनातल्या मनात बरंच काही बोलून घेतलं.

मार्गदर्शकांनी शांतपणे ऐकलं. माणूस सरळ होता. "कल्पना उत्तम आहे," ते म्हणाले, "पण मिल कधी बंद झाली?" मी सांगितलं. त्यांनी आलेखावर पेन्सिल ठेवली. "पायरी त्यानंतर जवळजवळ वर्षानं आहे. मिलबरोबर भोंगा थांबला असेल तर पायरी इथं हवी, तिथं नाही. तुमचं गृहीतक टिकत नाही."

मी भोंगा नेमका कधी थांबला हे सरांना विचारायला गेले. इतक्या वर्षांनी त्यांना नीट आठवत नव्हतं. "मिलबरोबरच थांबला असेल," म्हणाले. मग मी पुस्तकं मिटली. खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं. आपलंच म्हणणं चुकीचं निघाल्याचा एवढा आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता. प्रबंध जसा आहे तसा जाणार होता.

त्या रविवारी दुपारी मी भुट्टे किसत बसले होते. नवरा दाराशी खाटेवर आडवा होता. मी सहसा त्याला माझ्या कामातलं सांगत नसे, कारण तो ऐकत नसे. पण त्या दिवशी मी खुशीत होते.

"अहो, वाचले मी," म्हटलं. "मला वाटलं होतं तुमच्या मिलच्या भोंग्यानं माझा घात केला. पण तसं नाही. पाऱ्याची उडी मिल बंद झाल्यावर पुढच्या वर्षी आहे, गणपतीच्या महिन्यात."

तो उठून बसला. "गणपतीच्या?"

"हो, त्याच्या आसपास."

"अनंत चतुर्दशीला झांकी निघाली," तो म्हणाला. आमच्याकडे त्या रात्री मिलच्या झांक्यांची मिरवणूक निघते, आणि बंद मिलच्या लोकांनीही त्या वर्षी वर्गणी काढून आपली झांकी काढलीच होती. "त्याच्या दुसऱ्या दिवशी लाइट कापली."

"कुणाची लाइट?"

"मिलची. भोंगा लाइटवर चालत होता ना."

माझा हात किसणीवर थांबला. "मिल तर वर्षभर बंद होती. भोंगा वाजवत कोण होतं?"

"मी," तो म्हणाला.

मग त्यानं सांगितलं, तेही तुकड्या-तुकड्यांत, खाटेच्या सुंभाकडे बघत. गेटवरचा चौकीदार ओळखीचा. टाइम ऑफिसची किल्ली याच्याकडेच राहिली होती. भोंग्याचं बटण त्याच खोलीत. रोज अन्नपूर्णेहून सायकल मारत जायचं, सातला भोंगा द्यायचा, थोडा वेळ टेबलाशी बसायचं आणि परत यायचं. मी ज्याला गेटवरचा चहा समजत होते तो हा. सगळ्या परदेशीपुऱ्याला ठाऊक होतं. नव्हतं ते फक्त मला, कारण आमच्या दोन खोल्यांपर्यंत तो आवाज पोचत नव्हता.

"कुणी यायचं?" मी विचारलं.

"कोण येणार? गेटला लॉक होता ना."

मला राग आला, हे सांगितलं पाहिजे. मी गाडीभर पेपर तपासत होते, शिकवण्या घेत होते, आणि हा माणूस रिकाम्या मिलचा भोंगा वाजवत होता. रागाच्या पाठोपाठ मला रडूही आलं. किसलेला भुट्टा तसाच पडून राहिला आणि काळा पडला.

पुढं काय करायचं हे ठरवायला मला फारसा विचार करावा लागला नाही, आणि यात माझा काही मोठेपणा नाही. पायरी का आहे ते मला कळलं होतं. ती शहर तापल्यामुळे आहे असं लिहिलं असतं, तर माझ्या घरातला माणूस त्या वर्षी रोज सकाळी कुठं जात होता ते मी पुसून टाकलं असतं. ते मला जमलं नसतं. मी त्याला म्हटलं, "माझ्याबरोबर चला आणि हे माझ्या मार्गदर्शकांना सांगा."

त्यानं ठेवणीतला शर्ट काढला, स्वतः इस्त्री केली, दाढी केली. मार्गदर्शकांच्या खोलीत खुर्चीच्या टोकाशी बसून त्यानं सगळं परत सांगितलं. मार्गदर्शकांनी आलेखावरचा महिना बघितला, त्याच्याकडे बघितलं.

"पण कामगार येत नव्हते, मिल बंद होती," ते म्हणाले. "मग तुम्ही भोंगा का वाजवत होतात?"

"साहब, भोंगा नहीं बजता तो लोग समझते ना, मिल बंद हो गई," नवरा म्हणाला. मोठ्या माणसांसमोर तो नेहमी हिंदीत जात असे.

मार्गदर्शकांनी आलेखाची घडी केली. परिषदेचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. प्रबंधाला जोडायला लेखी निवेदन लागेल एवढं सांगितलं आणि कोरा कागद पुढं केला. नवऱ्यानं टाइम ऑफिसच्या वळणदार अक्षरात लिहून दिलं. शेवटची ओळ होती, 'लाइट कापल्यामुळे भोंगा सध्या बंद आहे.'

"सध्या कशाला?" मार्गदर्शक म्हणाले. "नुसतं बंद आहे लिहा."

"नहीं साहब," तो म्हणाला. "वो मैं नहीं लिख सकता."

मी त्याला डोळ्यांनी खुणावलं. त्यानं बघितलं नाही. शेवटी तो शब्द राहिला.

वर्षभराचं काम सुरू झालं. साडेसातचं वाचन सर घेणार होते. सातचं कोण घेणार? मला सकाळची कामं होती. "मी जाईन," नवरा म्हणाला. परत सायकल निघाली. पहिल्या दिवशी सरांनी त्याला पेटीशी उभं करून बरीच तपासणी घेतली म्हणे, डोळा पाऱ्याच्या सरळ रेषेत हवा, श्वास काचेवर सोडायचा नाही. मग त्यांचं जमलं. थंडीत, लूमध्ये, पावसात तो गेला. मी त्याला कधी हाक मारून उठवलं नाही.

एप्रिलमध्ये मला नारळ मिळाला आणि जूनमध्ये अर्ज मागवलेच नाहीत. जागा दुसऱ्या बाईंना मिळाली. त्यांचा प्रबंध वेळेत गेला होता, तक्रारीला जागा नाही. मी सकाळ-संध्याकाळ शिकवण्या वाढवल्या. बारावीच्या मुलांना सरासरी शिकवून शिकवून मला स्वप्नातही बेरजा दिसत. लोक म्हणाले, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागलीस. हातात काय होतं ते मलाच ठाऊक होतं, पण कुणाकुणाला समजावणार?

वर्षानं दोन्ही वेळांचा फरक काढून पायरीनंतरच्या आकड्यांतून वजा केला. पायरी गेली. राहिली ती एक हळू चढणारी रेघ. जगाच्या रेघेशेजारी ठेवली तर दोन्ही सारख्याच चढत होत्या. पंगतीत मी "वाढली" म्हणते ते एवढ्या आधारावर. भपका काही नाही, पण ती रेघ कशानंही खाली येत नाही. सगळ्या चुका काढून टाकल्यावर जे उरलं होतं त्याच्याकडे बघून मला काही अभिमान वाटला नाही. थकवा आला. ही रेघ कुणी काही केल्या थांबणारी दिसत नव्हती.

नवऱ्यानं त्या दिवशी आलेख मागून घेतला. "माझं काम यात कुठं आहे?" विचारलं.

मी आधीच्या आलेखावर पायरीपर्यंत बोट नेलं. "इथपर्यंत तुम्ही भोंगा देत होता. तोवर नोंद बरोबर आहे. तुम्ही थांबलात तिथून बिघडली."

त्यानं त्या जागी स्वतःचं बोट ठेवून पाहिलं. 

बांधणीला द्यायच्या आधी पानं तपासायची होती. दुपारी शिकवणीहून आले तेव्हा ती टेबलावर नीट रचलेली होती आणि त्याचं निवेदन सगळ्यात वर होतं. शेवटच्या ओळीतलं 'सध्या' एका सरळ रेघेनं खोडलं होतं. बाजूला नियमाप्रमाणे छोटी सही होती.

तो दाराशी सायकल पुसत होता. मी कागद हातात घेऊन उभी राहिले तेव्हा त्यानं मान वर केली नाही.

"वर्षभर रोज सातला तिथं उभा राहिलो," तो म्हणाला. "मिल तिथून दिसते. भोंगा एक दिवस पण नाही वाजला."

इतकी वर्षं मी देवाकडे एवढंच मागत होते, की मिल संपली हे याला एकदा कळू दे. आता वाटलं, राहिला असता तो शब्द तर कुणाचं काय बिघडलं असतं? मी पानं सारखी केली आणि बांधणीला देऊन आले.